मुलुंड ते ठाणे मोटारीने: वेळेचा अंदाज वारंवार का चुकतो आणि काय तपासावे

मुलुंड आणि ठाणे ही मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील लागोपाठची स्थानके आहेत. रस्त्याने या दोन वस्त्यांमधील अंतर, आपण कोणत्या भागातून निघतो आणि कोणत्या भागात पोहोचतो त्यानुसार, साधारण चार ते सहा किलोमीटर भरते. एवढ्याशा अंतरासाठी कोणी बेत आखत बसत नाही आणि अडचणीची सुरुवात तिथेच होते. तक्रारीचे स्वरूप ठरलेले आहे: निघताना फोनवरचा नकाशा पंधरा-वीस मिनिटे दाखवतो, प्रत्यक्षात पाऊण तास जातो, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी निघाले तर वीस मिनिटांत पोहोचता येते, आणि मग दोष वाहतुकीचा होता, नकाशाचा होता की नशिबाचा, हे काही केल्या कळत नाही. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात नाटकाचा प्रयोग असो किंवा नौपाड्यातील डॉक्टरांची ठरवून घेतलेली वेळ असो, उशीर झाल्यावर सगळे खापर गर्दीवर फुटते.

गर्दी असतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही या विशिष्ट प्रवासात वेळ वाया जाण्याचे कारण बहुतेक वेळा मार्गाच्या निवडीत असते आणि ती निवड एका प्रश्नाचे उत्तर आधी न शोधल्यामुळे चुकते: या प्रवासात रेल्वेचे रूळ किती वेळा ओलांडायचे आहेत आणि नेमके कुठे? पुढील विवेचन चारचाकी चालवणाऱ्यांसाठी आहे. दुचाकीला गल्लीबोळ मोकळे असल्यामुळे त्यातील बराचसा भाग तिला लागू पडत नाही.

मूळ कारण: दोनच रस्ते आणि मधून जाणारे रूळ

मुलुंड आणि ठाण्याच्या मधला पट्टा पश्चिमेकडून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांनी आणि पूर्वेकडून मिठागरे व ठाणे खाडीने आवळलेला आहे. या चिंचोळ्या पट्ट्यातून उत्तर-दक्षिण जाणारे मोठे रस्ते दोनच. त्यातील एक लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एलबीएस, जो पूर्वी आग्रा रोड म्हणून ओळखला जात असे. आणि दुसरा पूर्व द्रुतगती महामार्ग. या दोन रस्त्यांच्या मध्ये रेल्वे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली तेव्हापासून रूळ इथे आहेत आणि आज दिसणारी जवळजवळ सगळी वस्ती त्यानंतर त्यांच्या दोन्ही अंगांना वाढलेली आहे. पूर्व आणि पश्चिम हे आपल्या पत्त्यांतील शब्द दिशेपेक्षा रुळांची बाजू सांगतात, हे मुंबईकराला सांगण्याची गरज नाही. मात्र मोटारीचा मार्ग ठरवताना नेमका त्याचाच विसर पडतो.

एलबीएस मार्ग मुलुंडपासून ठाण्यातील तीन हात नाक्यापर्यंत सबंध वेळ रुळांच्या पश्चिमेलाच राहतो. महामार्गाचे तसे नाही. मुलुंडमध्ये तो रुळांच्या पूर्वेला असतो, आनंदनगरच्या पुढे कोपरी पुलावरून रूळ ओलांडतो आणि पश्चिमेला उतरून तीन हात नाक्याकडे येतो. दोन्ही रस्ते अशा रीतीने तीन हात नाक्यावर एकत्र येतात. या दोन वाक्यांचा नकाशा एकदा डोक्यात पक्का बसला की पुढील अर्धी कोडी आपोआप सुटतात.

रूळ ओलांडण्यासाठी चारचाकीला भरवशाच्या जागा दोन: उत्तरेला कोपरी पूल आणि दक्षिणेला नाहूरचा पूल, ज्यावरून गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता एलबीएसकडून महामार्गाकडे जातो. मुलुंड स्थानकाजवळ पादचारी सहज इकडून तिकडे जातात, त्यामुळे मोटारही तशीच जाईल असा बाहेरून येणाऱ्याचा समज होतो. तो समज घेऊन निघालेला माणूस स्थानकाच्या चुकीच्या बाजूला अडकला, की त्याला नाहूरपर्यंत खाली तरी जावे लागते किंवा थेट ठाण्याला जाऊन उलटे तरी यावे लागते.

पहिली तपासणी: आरंभ आणि शेवट कोणत्या बाजूला आहेत

निघण्यापूर्वी दोन्ही पत्ते रुळांच्या पूर्वेला आहेत की पश्चिमेला, हे पाहावे. त्यातून चारच शक्यता निर्माण होतात आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळे असते.

मुलुंड पश्चिमेहून ठाणे पश्चिमेला जायचे असेल, म्हणजे पाच रस्ता, सर्वोदयनगर किंवा मुलुंड कॉलनीच्या बाजूने नौपाडा, गोखले रोड, वागळे इस्टेट इकडे जायचे असेल, तर रूळ ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही. एलबीएस मार्गाने चेकनाका, म्हणजे मुंबईच्या हद्दीवरचा जुना जकातनाका, गाठावा आणि पुढे जावे. इथे नेहमी दिसणारी गफलत अशी की एलबीएसवर लाल रंग दिसला रे दिसला की नकाशा नाहूरच्या पुलावरून महामार्गाने जाण्याचे सुचवतो आणि चालक ते मान्य करतो. या वळशात आपण उत्तरेला जाण्यासाठी आधी दक्षिणेला जातो, नाहूरला एकदा रूळ ओलांडतो, ऐरोली पुलावरून येणारी वाहने जिथे महामार्गाला मिळतात त्याच चौकात जाऊन पडतो, तिथून टोलनाका पार करतो आणि कोपरीला दुसऱ्यांदा रूळ ओलांडून शेवटी त्याच तीन हात नाक्यावर येतो जिथे एलबीएसने सरळ आलो असतो. घर जर जोडरस्त्याला लागूनच असेल आणि महामार्ग खरोखर मोकळा असेल तर हा वळसा क्षम्य आहे. पाच रस्त्याच्या उत्तरेकडून निघणाऱ्याने तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे; नकाशाने वाचवलेली दाखवलेली चार-पाच मिनिटे ऐरोलीच्या चौकातील एका सिग्नलला खर्ची पडतात.

वागळे इस्टेटला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मुलुंडकडून येताना वागळे इस्टेट आपल्या डाव्या हाताला आणि नौपाडा उजव्या हाताला राहतो. वागळेला जायचे असताना तीन हात नाक्यापर्यंत जाण्याची गरज नसते; मॉडेला नाक्याच्या परिसरातूनच डावीकडे आत शिरता येते. नकाशा मात्र पुष्कळदा मोठ्या रस्त्याचा आग्रह धरतो आणि विनाकारण सर्वांत गजबजलेल्या नाक्यावर नेऊन सोडतो.

मुलुंड पूर्वेहून ठाणे पश्चिमेला जाताना रूळ एकदा ओलांडावेच लागतात आणि ते काम महामार्ग स्वतःच करतो. नवघर, गव्हाणपाडा हा भाग रूळ आणि महामार्ग यांच्या मध्ये असल्यामुळे ठाण्याकडे जाणाऱ्या मार्गिका जवळच्या बाजूला पडतात आणि महामार्गावर चढणे सोपे जाते. इथे मार्गाची निवड करण्यासारखे काही नाही. जो काही निर्णय घ्यायचा तो कोपरी पूल उतरल्यावर आणि तो अतिशय थोड्या अवधीत घ्यावा लागतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

मुलुंड पूर्वेहून कोपरीला, म्हणजे ठाणे पूर्वेला, जाताना रूळ ओलांडायचे नसतात. तरीही पुष्कळ लोक ते दोनदा ओलांडतात, कारण कोपरी पुलाची चढण सुरू होण्यापूर्वी महामार्ग सोडायचे राहून जाते. एकदा पुलावर चढलो की मध्ये उतरण्याची सोय नाही. तीन हात नाक्याला जाऊन, वळून, पुन्हा तोच पूल उलट्या दिशेने पार करावा लागतो. कोपरीचा बराचसा भाग ठाण्याकडे जाताना उजव्या हाताला असतो, तेव्हा महामार्गाखालून पलीकडे जाण्याची जागा घरूनच नकाशावर बोटाने शोधून ठेवावी आणि आनंदनगर येताच डावी बाजू धरून सेवा रस्त्यावर उतरावे.

चौथी शक्यता म्हणजे मुलुंड पश्चिमेहून कोपरी आणि हीच सर्वांत फसवी. नकाशावर नाहूरचा मार्ग सुटसुटीत दिसतो. परंतु त्या मार्गाने येताना कोपरी उजव्या हाताला पडते आणि वर सांगितलेली महामार्ग ओलांडण्याची अडचण उभी राहते. याउलट एलबीएसने तीन हात नाक्याला येऊन, उड्डाणपुलाखालून उजवीकडे वळून, मुंबईच्या दिशेने कोपरी पूल पार केला तर उतरताना कोपरी डाव्या हाताला येते. अंतरात फारसा फरक नाही, पण डावीकडे सुटणे आणि उजवीकडे पलीकडे जाणे यांतील फरक गर्दीच्या वेळी फार मोठा ठरतो. स्थानकाच्या अगदी जवळचे काम असेल तर तिसरा पर्यायही आहे: गाडी पश्चिमेलाच उभी करावी आणि स्थानकाच्या पादचारी पुलावरून चालत पूर्वेला जावे.

पत्त्यातून होणारे घोटाळे

मार्ग बरोबर निवडूनही प्रवास फसत असेल तर पत्ता तपासावा. «मुलुंड टोलनाक्यावर भेटू» हे वाक्य या परिसरात जितक्या सहजतेने उच्चारले जाते तितकेच ते धोकादायक आहे, कारण मुलुंडच्या नावाने ओळखले जाणारे नाके दोन आहेत. एक एलबीएस मार्गावर, रुळांच्या पश्चिमेला; दुसरा महामार्गावर आनंदनगरला, रुळांच्या पूर्वेला. सरळ रेषेत ते एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण एकावरून दुसऱ्यावर मोटार न्यायची म्हणजे तीन हात नाक्याला प्रदक्षिणा घालणे आले. भेटीची जागा सांगताना «एलबीएसचा» किंवा «आनंदनगरचा» हा शब्द जोडल्याशिवाय बोलणेच थांबवू नये.

त्यात भर म्हणजे «चेकनाका» हे नाव. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर संपली, परंतु मुलुंड चेकनाका हे ठिकाण लोकांच्या बोलण्यात आणि बसच्या पाटीवर तसेच राहिले आहे आणि ते एलबीएसवरचे आहे. रिक्षाचालकाला किंवा पाहुण्याला जागा सांगताना याच नावाचा उपयोग केल्यास गोंधळ कमी होतो.

«ठाणे पश्चिम» हा पत्ताही जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यात नौपाडा येतो, तसेच घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवलीही येते आणि या दोहोंमध्ये मुलुंड–ठाणे अंतराहून अधिक अंतर आहे. पत्ता विचारताना जवळचा नाका कोणता, हे विचारावे: तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी की माजिवडा. त्याच रीतीने केवळ «एलबीएस मार्ग» एवढ्यावर खूण लावू नये. तो रस्ता शीवपासून ठाण्यापर्यंत जातो. ठाण्याहून मुलुंड पूर्वेला येणाऱ्यांनी हरिओमनगरचा पत्ता असल्यास विशेष दक्ष राहावे. ही वसाहत मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही टोलनाक्याच्या अलीकडे, ठाण्याच्या बाजूला, आहे. मुलुंड म्हणजे नाक्याच्या पलीकडे असे गृहीत धरून पुढे गेलेल्या पाहुण्याला बराच मोठा वळसा पडतो.

नकाशाच्या सेटिंगमधील तीन गोष्टी

पहिली टोलची. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर, म्हणजे दहिसर, ऐरोली, वाशी, मुलुंडचा एलबीएस आणि आनंदनगर इथे, हलक्या वाहनांना टोल माफ झाला. त्यापूर्वी पैसे वाचवण्यासाठी अनेकांनी फोनवर «टोल टाळा» हा पर्याय सुरू करून ठेवला होता आणि तो आजही तसाच राहून गेलेला असतो. नकाशा काही कारण नसताना नाक्यापासून दूर नेत असेल, तर सर्वप्रथम हा पर्याय बंद आहे का, हे पाहावे.

दुसरी वाहनाच्या प्रकाराची. घरात एकच फोन कधी स्कूटरसाठी, कधी मोटारीसाठी वापरला जातो आणि दुचाकीचे चिन्ह निवडलेले राहते. दुचाकीची वेळ मोटारीपेक्षा कमी दाखवली जाते आणि तिला सुचवलेल्या नौपाड्यातील गल्ल्या मोटारीसाठी शहाणपणाच्या नसतात.

तिसरी गोष्ट वेळेच्या अंदाजाची. निघण्याच्या क्षणी दिसणारा आकडा हा त्या क्षणाचा असतो. आधी बेत आखायचा असेल तर पोहोचण्याची वेळ घालून पाहावी. तेव्हा नकाशा एकच आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन मर्यादा दाखवतो. लांबच्या प्रवासात सरासरी धरली तरी चालते, कारण एका ठिकाणी गेलेला वेळ दुसरीकडे भरून निघतो. मुलुंड–ठाण्यासारख्या टीचभर प्रवासात भरून काढायला रस्ताच उरत नाही. म्हणून डॉक्टरांची वेळ, परीक्षा किंवा नाटक असेल तर वरची मर्यादाच धरावी. भाजी आणायला किंवा मित्राकडे जायचे असेल तर खालची धरली तरी बिघडत नाही.

तीन हात नाका

वरील सर्व तपासूनही उशीर होत असेल तर तो बहुधा इथे होतो. मुंबईकडून येणारा महामार्ग प्रत्येक दिशेला चार मार्गिकांचा आणि कोपरी पूल मात्र दोनच मार्गिकांचा, अशी स्थिती अनेक वर्षे होती, त्यामुळे पूल हा नरसाळ्याचा निमुळता भाग ठरत असे. नवा पूल पूर्णपणे खुला झाला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि मार्गिका चार-चार झाल्या. पुलावरची रांग त्यामुळे पुष्कळ कमी झाली, हे मान्य करायला हवे. परंतु पूल ओलांडून वेगाने पुढे आलेली वाहने आता लगेच तीन हात नाक्यावर येऊन थांबतात, त्यामुळे जुन्या अनुभवावरून पुलासाठी वेळ राखून ठेवणारे आणि पूल सुटल्यावर निर्धास्त होणारे दोघेही फसतात.

महामार्गाने येणाऱ्याला पूल उतरताच ठरवावे लागते की तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलावर चढायचे की खाली राहायचे. नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड, स्थानक, मासुंदा तलाव यांपैकी कुठेही जायचे असेल तर खाली राहावे, नाक्यावर उजवीकडे वळावे आणि हरिनिवासच्या दिशेने आत शिरावे. माजिवडा किंवा घोडबंदरकडे जायचे असेल तर वर चढावे. नकळत वर चढलेल्याला नौपाडा पायाखालून निघून गेल्याचे पुढे कळते. त्यानंतर नितीन कंपनीलाही उड्डाणपूल आहे आणि कॅडबरीलाही आहे, तेव्हा मध्ये खाली उतरून वळण्याची संधी न साधल्यास थेट माजिवड्यापर्यंत फेरी होते. फोनला आपण पुलावर आहोत की खाली, हे नेहमी उमगत नाही. गूगल मॅप्सने २०२४ मध्ये भारतातील चाळीस शहरांसाठी उड्डाणपुलाची आगाऊ सूचना देण्यास सुरुवात केली खरी, परंतु कोपरीचा उतार आणि पुढची चढण यांतील अंतर इतके थोडे आहे की ती सूचना ऐकून मार्गिका बदलण्यापेक्षा, कोपरी पुलावर असतानाच कोणती बाजू धरायची हे ठरवलेले बरे.

एलबीएसने येणाऱ्याला हा पेच नाही. त्याला उड्डाणपुलाखालून समोर नौपाड्यात जाता येते. त्याची अडचण सिग्नलची: एकदा थांबल्यावर पुन्हा पाळी येईपर्यंत वाट पाहावी लागते आणि संध्याकाळी एका हिरव्या दिव्यात रांग संपत नाही. ही प्रतीक्षा टाळता येत नाही, ती हिशेबात धरावी लागते.

वेळ, अवजड वाहने आणि खोदकाम

महामार्गावरील गर्दीला ठरलेली दिशा असते: सकाळी ठाण्याहून मुंबईकडे आणि संध्याकाळी उलट. त्यामुळे मुलुंड पूर्वेहून सकाळी ठाण्याला जाणारा माणूस प्रवाहाच्या विरुद्ध जातो आणि सुखाने पोहोचतो. तोच माणूस संध्याकाळी निघाला तर मुंबईतून घोडबंदरकडे परतणाऱ्या सर्व वाहनांच्या मागे उभा राहतो. एलबीएस मार्गाला अशी एकच दिशा नाही. तिथे दुकाने, शाळा, बसथांबे आणि रस्त्यालगत उभी केलेली वाहने यांमुळे दोन्ही बाजू दिवसभर कमी-अधिक सारख्याच संथ असतात. हा संथपणा कंटाळवाणा असला तरी त्याचा अंदाज बांधता येतो आणि वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे असेल तेव्हा अंदाज बांधता येणारा रस्ता मी अधिक पसंत करतो.

ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळांतच प्रवेश असतो. उरणकडील बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे आणि घोडबंदरमार्गे गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांचा एक मोठा प्रवाह ऐरोली पुलावरून याच महामार्गावर येतो, त्यामुळे बंदी उठण्याच्या सुमारास, विशेषतः दुपारी, आनंदनगरच्या अलीकडे ट्रक एकदम हलू लागतात. दुपार मोकळी असते असे गृहीत धरून निघालेल्यांची निराशा होते ती यामुळे. बंदीच्या वेळा अधिसूचनांनुसार बदलतात, म्हणून सध्याच्या वेळा पाहूनच बेत ठरवावा. नाक्यावर पोहोचल्यावर हलक्या वाहनांसाठी राखलेली मार्गिका दुरूनच धरावी; ट्रकच्या मागे लागलो तर टोल भरायचा त्याला, पण थांबावे लागते आपल्याला.

वडाळा–कासारवडवली मेट्रो ४ चे खांब एलबीएसच्या मधोमध उभे आहेत आणि जिथे काम सुरू असते तिथे रस्ता अरुंद होतो. नाहूरच्या बाजूला गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याची आणि महामार्गाच्या कडेने छेडानगर ते आनंदनगर उन्नत मार्गाचीही कामे आहेत. आता इथे एक प्रशासकीय बारकावा लक्षात घ्यावा लागतो. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द मुलुंडपर्यंत वाढली आणि तेव्हापासून मुंबई महापालिकेची सीमा या प्रवासाच्या मधोमध आहे. आज एकाच पाच किलोमीटरमध्ये दोन महापालिका आणि दोन वाहतूक पोलीस यंत्रणा येतात. मुंबई वाहतूक पोलिसांच्या सूचनेत तीन हात नाक्याचा बदल आढळणार नाही आणि ठाणे वाहतूक पोलिसांच्या सूचनेत पाच रस्त्याचा नाही. सणाच्या किंवा मोठ्या कामाच्या दिवशी दोहोंची समाजमाध्यमांवरील खाती पाहावीत.

सणांचे म्हणाल तर दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळी, दहीहंडीला जांभळी नाका आणि विसर्जनाच्या दिवसांत मासुंदा तलावाचा परिसर, इथे मोटार नेण्याचा विचारही करू नये. जोराच्या पावसात गोखले रोडजवळच्या वंदना सिनेमाच्या परिसरात पाणी साचते हे ठाणेकरांना तोंडपाठ असते. मुलुंडहून येणाऱ्याने ते ध्यानात ठेवून स्थानकाकडे जाण्याचा बेत पुढे ढकलावा.

पोहोचल्यानंतरचा वेळ

नकाशा इमारतीच्या दारापर्यंतची वेळ सांगतो, गाडी उभी करण्याची सांगत नाही. नौपाड्यात आणि मुलुंड पश्चिमेच्या महात्मा गांधी मार्ग, राजेंद्रप्रसाद मार्ग या भागांत हा फरक सहज दहा-पंधरा मिनिटांचा होतो. ठाण्यातील अनेक रस्त्यांवर सम आणि विषम तारखांना वेगवेगळ्या बाजूला गाड्या उभ्या करण्याची पद्धत आहे. पाटी न वाचता उभी केलेली गाडी टोइंगची व्हॅन घेऊन जाते. नौपाड्यातील काम असेल तर गावदेवी मैदानाखालील वाहनतळ हाच शेवटचा थांबा समजून नकाशात त्याचीच खूण लावावी आणि पुढे चालत जावे, म्हणजे एकेरी रस्त्यांच्या चक्रात अडकण्याची वेळ येत नाही.

परतीचा मार्ग वेगळा धरावा

गेलो त्याच मार्गाने परत येऊ, हे गृहीतक मुलुंड पश्चिमेला राहणाऱ्यांच्या बाबतीत खरे ठरते, पूर्वेला राहणाऱ्यांच्या बाबतीत नाही. जाताना महामार्ग त्यांच्या बाजूचा होता. येताना मुंबईकडे जाणाऱ्या मार्गिका पलीकडच्या बाजूला असतात आणि नवघर किंवा गव्हाणपाडा उजव्या हाताला राहतो. त्यामुळे महामार्गाखालून वळण्याची जागा हुकली तर ऐरोलीच्या चौकापर्यंत खाली जावे लागते. परतताना नकाशात घराची खूण न लावता त्या वळणाची लावावी. घर तिथून पुढे पाठ असतेच.

आणि एवढे सगळे करूनही, संध्याकाळी सात वाजता, एकट्याने, हातात सामान नसताना, ठाणे स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर काम असेल, तर मोटारीचा कोणताही मार्ग लोकलशी बरोबरी करू शकत नाही. एका स्थानकाचा प्रवास आहे. गाडी घरीच ठेवावी.